पहिल्या पानावरचा वस्तरा

नागपूरच्या मंगळवारी बाजाराच्या तोंडाशी केशव लक्षणेचं दुकान होतं. दोन खुर्च्या, एक लांब बाकडं, भिंतभर आरसा आणि बाकड्यावर त्या दिवशीचा पेपर. पेपर नसलेलं न्हाव्याचं दुकान नागपुरात चालत नाही. दाढी हे निमित्त. माणूस खरा येतो तो फुकटचा पेपर वाचायला आणि वाचलेलं शेजारच्याच्या गळी उतरवायला. सकाळी आठ ते दहा केशवच्या बाकड्यावर चौकातलं सगळं शहाणपण गोळा व्हायचं. महागाई, मंत्री, क्रिकेट, कोणाची पोरगी कोणासोबत सिनेमाला दिसली, सगळं. आणि एखाद्या दिवशी पेपरात ‘माथेफिरूचा धुमाकूळ’ आला की मग विचारूच नका. ज्यानं जन्मात वेडा माणूस म्हणजे पिंपळाखाली बसलेला, तोही रस्त्याच्या पलीकडून पाहिला, तोसुद्धा छातीठोक सांगायचा की वेड्याच्या अंगात दहा माणसांची ताकद असते.

केशव कात्री चालवत ऐकायचा. उचलली जीभ लावली टाळ्याला. बोलण्यावर काही नाक्यावरची जकात लागत नाही, असं मनात म्हणायचा आणि गिऱ्हाइकाची मान वळवायचा.

त्याला हसू येण्याचं कारण होतं. दर गुरुवारी दुकान बंद ठेवून तो सायकलच्या कॅरिअरला पेटी बांधायचा आणि छिंदवाडा रोडनं वेड्यांच्या इस्पितळात जायचा. गाव त्याला पागलखाना म्हणे. तिथल्या पुरुषांच्या वॉर्डातल्या दाढ्या आणि कटिंग केशवकडे होत्या, सन त्रेपन्नपासून. आता चौऱ्याहत्तर साल होतं. म्हणजे एकवीस वर्षं दर गुरुवारी हा माणूस उघडा वस्तरा घेऊन साठ-सत्तर वेड्यांच्या मध्ये उभा राहत होता. निंबाच्या झाडाखाली एक स्टूल, एक बादली, आणि एकामागून एक गळे. पेपरवाल्यांचं खरं मानलं तर केशवच्या बायकोला, कांताबाईला, पहिल्याच महिन्यात कुंकू पुसावं लागलं असतं. प्रत्यक्षात एकवीस वर्षांत केशवला एकदाच लागलं, आणि तेही सायकलची चेन चढवताना.

त्या वॉर्डात काय असतं हे कोणी केशवला विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं की तिथं मुख्य म्हणजे शांतता असते. माणसं उन्हात बसतात. कोणी बोटं मोजतं, कोणी एकच वाक्य दिवसभर घोळवतं. कोणी केशवला दर गुरुवारी विचारायचं, बाहेर माह्या घरचं कोणी दिसलं का. कांताबाई वाचनालयातून मासिकं आणायची. त्यातल्या गोष्टीत नायिकेला वेड लागायचं म्हणजे तिचे केस मोकळे सुटायचे, ती खदाखदा हसायची आणि शेवटी डोक्याला मार लागून एकदम बरी व्हायची. हास्यचित्रांत वेडा म्हटला की डोक्यावर कागदी टोपी आणि हात कोटात घातलेला, स्वतःला बादशहा समजणारा. केशवला एकवीस वर्षांत एक बादशहा भेटला नाही. एक जण स्वतःला तहसीलदार समजायचा, पण तो खराच तहसिलीत चपराशी होता आणि तसं समजणारे चपराशी बाहेर ढीगभर आहेत. लिहिणाऱ्यांनी कधी त्या फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही, हे केशव पैजेवर सांगायला तयार होता. घरी बसून, पंख्याखाली, चहा पीत वेड रंगवायचं. मेहनत नाही, खर्च नाही.

त्या वॉर्डात धोंडबा होता. कुहीकडच्या एका खेड्यातला धानवाल्या कुणब्याचा धाकटा पोरगा, चौथी शिकलेला. सदुसष्ट साली त्याला आणलं तेव्हा त्याच्या दोन्ही मनगटांवर दाव्याचे वळ होते. घरच्या विहिरीतून आपल्याला कोणी हाका मारतं असं त्याला ऐकू यायचं. तो रात्रंदिवस विहिरीच्या काठावर बसायचा, तिथून उठवलं की अंगावर धावून जायचा. विहिरीत कोणी नाही हे साऱ्या गावानं सांगून पाहिलं. त्याचा मोठा भाऊ चंपतराव दोर बांधून विहिरीत उतरला, तळाशी जाऊन वर ओरडला की कोणी नाही. धोंडबाला ते खोटं वाटलं. शेवटी त्याला गोठ्यात बांधला, आणि गोठ्यातून इस्पितळात.

गोळ्या लागू पडल्या. दोन वर्षांत हाका विरल्या, तिसऱ्या वर्षी साफ बंद झाल्या. माणूस बरा झाला, आणि बरा होऊन तिथंच राहिला. कारण आत यायला दोन जण आणून सोडतात, बाहेर जायला एक जण न्यायला यावा लागतो, आणि तो येत नाही. मोठे डॉक्टर दर तीन महिन्यांनी चंपतरावाला कार्ड टाकत. तिकडून उत्तर नाही.

तोवर धोंडबा केशवच्या हाताखाली लागला होता. आधी नुसतं पाणी तापवायचा. मग ब्रश धुवायचा. मग सहाणेवर वस्तरा लावायला शिकला, आणि असा लावायचा की केशवला आपल्या दुकानातल्या भाच्याची लाज वाटे. एका गुरुवारी केशवच्या अंगठ्याला नखुरडं झालेलं, वस्तरा धरवेना. वीस माणसं रांगेत बसलेली. धोंडबा म्हणाला, मी करतो. केशवनं परिचराकडे पाहिलं, परिचरानं डॉक्टरांना बोलावलं, डॉक्टर पाच मिनिटं उभे राहून पाहत राहिले आणि म्हणाले, करू द्या. त्या दिवसापासून निम्म्या दाढ्या धोंडबा करायचा.

आणि सगळ्यात शेवटी, रांग संपली की तो केशवची करायचा. न्हाव्याची दाढी कोण करणार, हा प्रश्न या धंद्यात जुनाच. आरशात पाहून स्वतःची करण्यात काही सुख नाही. केशव स्टुलावर बसायचा, मान मागं टाकायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. आठवड्यातली ती पाच मिनिटं त्याची स्वतःची. कधीकधी त्याला डुलकी लागायची आणि धोंडबा हळूच हनुवटी धरून जागा करायचा.

असं चार वर्षं चाललं. आणि चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतर एक दिवस चंपतरावाचं कार्ड आलं. गावच्या मास्तरच्या हातचं होतं. धान चुरून झालं की पौषात येतो आणि भावाला घेऊन जातो, असं लिहिलं होतं. डॉक्टरांनी ते धोंडबाला दिलं. त्यानं ते सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि त्या गुरुवारी केशवला चारदा दाखवलं. पौषाला किती दिवस आहेत हे तो दर दाढीला एकदा विचारायचा.

इथंच केशवची मती फिरली. शत्रूनं घात केला असता तर त्याला शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. घात केला तो केशवच्या हौसेनं.

दुकानात शरच्चंद्र नावाचा एक पेपरवाला दाढीला यायचा. पेपराचं नाव घेत नाही. फुकटची जाहिरात कशाला. पातळ मिशी, खादीचा झब्बा, खांद्याला पिशवी, बोलणं असं गोड की गुळाची भेली लाजावी. दर रविवारी त्याचं ‘भिंतीपलीकडची दुनिया’ नावाचं सदर यायचं. कधी तुरुंग, कधी स्मशान, कधी गंगाजमुनाची बदनाम वस्ती. केशवला वाटलं, हा माणूस लिहील. धोंडबा कसा वस्तरा चालवतो, वेडा माणूस बरा होतो म्हणजे किती बरा होतो, हे पहिल्यांदा पेपरात येईल. कुहीपर्यंत पेपर जातो. धोंडबाच्या गावात मास्तर वाचून दाखवेल, आणि चंपतरावाच्या बायकोच्या मनात काही धाकधूक असेल तर तीही जाईल. पोरगा घरी जाईल तो ताठ मानेनं जाईल.

कांताबाईनं ऐकलं आणि म्हणाली, हे म्हणजे आ बैल मुझे मार. केशव म्हणाला, तुले काय समजते, तो शिकलेला माणूस हाय.  कांताबाईनं भाकर थापायला घेतली.

शरच्चंद्र एका गुरुवारी फोटोग्राफर घेऊन आला. मोठे डॉक्टर त्या दिवशी दिल्लीला गेलेले. धाकट्या डॉक्टरनं पेपरचं नाव ऐकून दारं उघडली. वॉर्डात शिरल्या शिरल्या शरच्चंद्रानं विचारलं की साखळ्या कुठं असतात. नाहीत म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. उन्हात बसून तांदूळ निवडणारी माणसं पाहून तो आणखी हिरमुसला आणि त्यानं हळूच विचारलं, जरा भयंकर असा कोणी नाही का. केशवनं मोठ्या अभिमानानं धोंडबाला पुढं केलं. सगळं सांगितलं, विहीर, गोळ्या, नखुरडं, चंपतरावाचं कार्ड. धोंडबानं ते कार्डही काढून दाखवलं. शरच्चंद्र मान हलवत लिहीत होता. मग केशव म्हणाला, पाहाच तुम्ही, आणि स्टुलावर बसला. हातच्या कांकणाला आरसा कशाला.

धोंडबानं वस्तरा उघडला. केशवनं मान मागं टाकली आणि सवयीनं डोळे मिटले. फोटोग्राफर धोंडबाला म्हणाला, इकडं बघा, हसा जरा. धोंडबा हसला. बिचाऱ्याचा जन्मात पहिल्यांदा फोटो निघत होता. दिवा लखकन पेटला. शरच्चंद्र जाताना केशवचा हात हातात घेऊन म्हणाला की असं काही आम्ही आजवर छापलंच नाही. त्यात तो खोटं बोलला नाही.

रविवारी सकाळी बाकड्यावर पेपर पडला तो पहिल्या पानावर केशवला घेऊन. तीन कॉलमांचा फोटो. वर जाड अक्षरांत, ‘वेड्याच्या हाती वस्तरा!’ फोटोखाली, ‘मृत्यूच्या छायेत : भीतीने डोळे मिटून बसलेला असहाय न्हावी.’ आत मजकूर असा की वाचणाऱ्याच्या हातातला चहा निवावा. वेड्याचे डोळे म्हणे लालभडक होते. होतेच, सकाळपासून तो ओल्या लाकडांवर पाणी तापवत होता. ओठांवर म्हणे क्रूर हास्य होतं. ते हास्य पेपरच्याच माणसानं मागून घेतलं होतं. विहिरीतल्या हाका होत्या, दाव्यानं बांधणं होतं, अंगावर धावून जाणं होतं. चार वर्षांत हजारो दाढ्या एक ओरखडा न काढता केल्या, हे नव्हतं. गोळ्या नव्हत्या. शेवटी एक सवाल होता. असा हा वेडा पौष महिन्यात कुही तालुक्यात मोकळा सुटणार आहे, त्याची जबाबदारी कोण घेणार?

केशव आपल्याच दुकानात आपलीच बातमी वाचत उभा राहिला. बाकड्यावरची मंडळी खूश. चौकाला एवढं मोठं मनोरंजन बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं. कोणी म्हणालं, केशवराव, वाचले म्हणायचं. कोणी म्हणालं, पण तुम्ही तिथं जाता कशाले? एक गोदामवाला, निम्मी दाढी झालेली, आरशातून विचारता झाला की वस्तरा तोच आहे का. केशव म्हणाला, हाओ, तोच. गोदामवाला निम्म्या दाढीनं उठला आणि समोरच्या दुकानात जाऊन उरलेली करून घेतली. असे हे शहाणे लोक, आणि वेडे म्हणे आत.

दुपारी केशव सायकल हाणत पेपरच्या कचेरीत गेला. शरच्चंद्रानं त्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि पहिल्या पानावर फोटो आल्याबद्दल त्याचंच अभिनंदन केलं. केशवनं विचारलं की मी भ्यालो होतो हे तुम्हाला कोणी सांगितलं. शरच्चंद्र समजुतीनं हसला. म्हणाला, केशवराव, वाचकाला चांगलं झालेलं नको असतं, होता होता राहिलेलं वाईट हवं असतं. मग त्यानं त्याला संपादक भैय्याजींसमोर नेलं. भैय्याजींनी चष्मा कपाळावर चढवून सगळं ऐकलं आणि सांगितलं की लेखातलं एकही वाक्य खोटं नाही. वस्तरा होता, वेडा होता, डोळे मिटलेले होते. तरी तुमचं काही म्हणणं असेल तर पत्र द्या, वाचकांच्या पत्रांत घेऊ.

केशवनं कांताबाईला समोर बसवून दोन रात्री पत्र लिहिलं. अक्षर तिचं, राग त्याचा. मोठे चार कागद झाले. दहा दिवसांनी त्यातल्या सात ओळी आल्या, सातव्या पानावर, केस काळे करण्याच्या तेलाच्या जाहिरातीशेजारी, आणि मथळा होता, ‘न्हाव्याला वेड्याचा पुळका’. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, अशी गत. कांताबाईनं तो पेपर घडी करून ट्रंकेत ठेवला. 

इकडे इस्पितळात वरून कागद आला. रुग्णाच्या हाती धारेची वस्तू देऊ नये. डॉक्टर दिल्लीहून परत येईपर्यंत धोंडबाला आतल्या कुलुपाच्या वॉर्डात हलवलं होतं. डॉक्टरांनी त्याला परत बाहेर काढला, पण कागद त्यांच्याच नावावर आलेला. वस्तरा गेला, सहाण गेली, चूल पेटवणंही गेलं. फाटकाशी रविवारी माणसं येऊ लागली, बायकापोरांसकट, आणि दरवानाला विचारू लागली की तो वस्तरावाला कोणता, जरा दाखवा ना. महाराजबागेत वाघ पाहून झाला की इकडं. त्यातल्याच कोणी शहाण्यानं जाळीतून धोंडबाला तो पेपर दिला. तूच ना हा, म्हणाला.

वॉर्डात वस्तरा पुसायला केशव दुकानातली रद्दी न्यायचा, त्यातून तो अंक त्यानं मुद्दाम काढून ठेवला होता. गुरुवारी धोंडबा त्याच्याजवळ बसला तेव्हा त्यानं नेहमीसारखं विचारलं, पौषाला किती दिवस आहेत. केशवला वाटलं, चला, पेपराचं याला काही कळलं नाही. त्यानं दिवस मोजून सांगितले.

चंपतराव येणार नाही अशी केशवची खात्री झाली होती. कोण येईल? गावभर वाचलं गेलं असणार. पण पौषातल्या दुसऱ्या गुरुवारी, दुपारी बाराच्या सुमाराला, फाटकातून एक उंच, वाळका माणूस आत आला. डोक्यावर पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी, पिशवीत नवा सदरा आणि नवं धोतर. धोंडबाचं नाक, धोंडबाचंच कपाळ. केशवनं कोणी न सांगता ओळखला.

चंपतराव निंबाखाली केशवच्या शेजारी टेकला. बंडीच्या खिशातून त्यानं तो पेपर काढला, घड्या पडून पडून फाटायला आलेला. त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं. मास्तरनं चावडीवर तीनदा वाचून दाखवला होता, कारण लोकांनी तीनदा वाचायला लावला. घरी दोन लहान पोरं होती. बायकोनं सांगितलं होतं, आणायचा तर आणा, पण मग मी लेकरं घेऊन माहेरी जाते. पोलीस पाटलानंही घरी येऊन विचारलं होतं. हे सगळं सांगून तो म्हणाला, “तरी मी आलो. कागदावर काय लिहिलं ते मले मास्तरानं सांगितलं. तुम्ही याच्या हाताखाली मान देता, तुम्ही सांगा.”

केशवनं सांगितलं. इतके दिवस कोणी ऐकलं नव्हतं ते सगळं सांगितलं, अगदी डुलकी लागते तेही. चंपतराव खाली मान घालून ऐकत होता. मग त्यानं टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, गालावरून हात फिरवला. चार दिवसांची दाढी होती.

“मी त्या विहिरीत उतरलो होतो याच्यासाठी,” तो म्हणाला. “हे काय त्याहून खोल हाय? त्याले म्हणा, माही दाढी कर. मी डोळ्यानं पाह्यलं म्हंजे घरी सांगता येते. बायकोले बी, पाटलाले बी.”

केशव धावतच डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, कागद माझ्या नावावर आला आहे, मीच मोडतो. ते स्वतः येऊन निंबाखाली उभे राहिले. परिचर जमले, रुग्ण जमले. धोंडबाला बोलावलं. भावाला पाहून तो थबकला, मग वाकून पाया पडला. चंपतरावानं त्याला उठवला आणि दोघंही काही वेळ नुसते एकमेकांच्या दंडाला धरून राहिले. मग चंपतराव स्टुलावर बसला आणि त्यानं मान मागं टाकली.

धोंडबानं पाणी घेतलं. साबण फेसाळला, ब्रश फिरवला, कान सांभाळून, मिशी सांभाळून, सगळं जसं केशवनं शिकवलं तसं. केशवनं आपला वस्तरा त्याच्या हातात दिला. त्यानं तो उघडला, चामड्यावर तीनदा ओढला, अंगठ्यानं धार पाहिली. केशवच्या मनात आलं, आता दोन मिनिटं, फक्त दोन मिनिटं, मग त्या शरच्चंद्राच्या छाताडावर नाचतो मी. चंपतरावानं डोळे मिटले.

धोंडबानं भावाच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. पाहतच राहिला. मग त्यानं वस्तरा घडी करून केशवच्या हातात परत ठेवला.

“काहून गा?” केशव म्हणाला. “कर ना.”

“नाही केशवभाऊ. मी वाचलं ते.”

“अरे, ते साफ खोटं हाय. मी होतो ना तिथं. मी भ्यालो नव्हतो.”

“तुम्ही भले माणूस हा, म्हणून म्हणता.” धोंडबा शांतपणे बोलत होता, एखाद्या लहान पोराला समजवावं तसा. “मागं बी मले वाटे का मीच बरोबर हावो. विहिरीत कोणी हाय म्हणून मी सांगत होतो. सारं गाव नाही म्हणत होतं. तवा गावच खरं निघालं ना? आता मले वाटते का मी बरा झालो, आणि इतके शिकलेले लोक छापून सांगते का नाही झाला. माह्या वाटण्यावर कसा भरोसा ठेवू? घरी दादाची लेकरं हायेत.”

 डॉक्टर पुढं आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून बरंच समजावलं. हीच तर तू बरा झाल्याची खूण आहे, वेडा माणूस असा स्वतःवर शंका घेत नाही, असंही म्हणाले. धोंडबानं आदरानं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली, नाही म्हणून. आणि केशव, ज्याच्यापाशी साऱ्या पेपरवाल्यांसाठी, चौकासाठी, गोदामवाल्यासाठी उत्तर होतं, तो हातातला वस्तरा नुसता उघडत-मिटत राहिला.  ज्याच्याबद्दल लिहिलं त्या एकट्यानंच तो पेपर मन लावून वाचला होता.

चंपतराव डोळे उघडून स्टुलावर तसाच बसलेला, तोंडभर फेस. फेस सुकायला लागला होता. त्यानं कुहीची शेवटची गाडी कितीला आहे ते विचारलं. परिचर म्हणाला, साडेचारला. मग चंपतरावानं पिशवी धोंडबाकडे सरकवली. सदरा-धोतर तुह्यासाठीच घेतलं होतं, म्हणाला, ठेव, मी होळीले येतो. येतो म्हणताना त्यानं केशवकडे पाहिलं नाही.

अर्ध्या फेसानं माणसाला गावी कसं पाठवायचं? केशवनं फेसावर पुन्हा पाणी मारलं आणि दाढी करायला घेतली. नजर धूसर झाल्यानं त्याला दोनदा थांबावं लागलं. त्यानं फार सावकाश केली. दाढी होईपर्यंत समोर आरसा धरून धोंडबा उभा होता, एका हातात, ताठ. आरसा जरासुद्धा हलला नाही.